गाणं न येणाऱ्या गाण्याच्या बाई

सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर एक्स-रे विभाग ओलांडला की डाव्या हाताला एक अरुंद खोली आहे. आत एक टेबल, भिंतीला उभा आरसा आणि चित्रांच्या पुठ्ठ्यांची चळत: कप, कुलूप, कंगवा, छत्री. मेंदूला झटका येऊन ज्यांची बोलती बंद झाली आहे अशी माणसं त्या टेबलाशी बसतात आणि कपाला कप म्हणायला पुन्हा शिकतात. त्यांना शिकवणाऱ्या बाई चाळिशी ओलांडलेल्या, अंगानं किरकोळ आणि अतोनात हट्टी. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना पाठीमागे 'चिकटपट्टी' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

हा हट्ट त्यांना घरातूनच मिळाला होता. त्यांचे वडील सायकली दुरुस्त करायचे. तोंडाचा पट्टा कायम चालू. पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची. बाई शाळेत असताना एका सकाळी ते दुकानातच कोसळले. हातपाय थोडेफार परत आले, बोलणं आलं नाही. तोंडातून एकच शब्द निघायचा, चमचा. पाणी हवं असलं तरी चमचा, खिडकी उघड म्हणायचं असलं तरी चमचा. सुरुवातीला घरात हसू यायचं. मग कुणी हसेनासं झालं. शेजारीपाजारी 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणून कुजबुजायला लागले आणि हळूहळू घरच्यांनीही ते मान्य करून टाकलं. वडील शेवटपर्यंत खिडकीशी बसून राहिले.

पुढे कॉलेजात एका व्याख्यानाला बाई पावसाच्या भीतीनं जाऊन बसल्या होत्या. तिथं त्यांना कळलं, की या आजाराला नाव आहे. यात माणसाची समज शाबूत असते, फक्त शब्द हाताला लागत नाहीत, आणि त्यावर उपचारही आहेत. घरी आल्यावर त्या आईला म्हणाल्या, "बाबांना सगळं कळत होतं."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिनं पुरी केली. मग म्हणाली, "मग तू हेच शीक."

बाई ते शिकल्या आणि त्याच कामाला चिकटल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दिवसभर दुसऱ्यांना बोलायला लावते. घरी कुणी बोललं नाही तर बरं वाटतं."

एका दुपारी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मोठा काळा चष्मा लावलेली एक तरुण बाई येऊन बसली. सोबत पेशंट नव्हता. नंबर आला तशी ती आत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या सासूबाई बोलत नाहीत."

"कधीपासून?"

"दीड महिना होत आला."

"आणि आज येताय?"

"घरात ठरत नव्हतं."

"काय ठरत नव्हतं?"

"त्या आजारी आहेत की नाहीत, ते."

बाईंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. तरुणीनं चष्मा काढला, दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच सांगितलं, "अक्का."

पुढचं सांगायची गरज नव्हती. अक्का म्हणजे कोण हे शहरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यांच्या वडिलांनी पक्ष काढला, वडिलांनंतर भावानं चालवला, भाऊ अकाली गेल्यावर अक्कांनी. दोनदा मंत्री झाल्या. पण लोक त्यांना ओळखत ते आवाजावरून. सभेत उभ्या राहून त्या 'बरं का, मंडळी' म्हणाल्या की अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं. अलीकडे वर्तमानपत्रांत छापून येत होतं, की अक्कांच्या घशाला सूज आहे आणि डॉक्टरांनी त्यांना मौन पाळायला सांगितलंय.

"घसा बिसा काही नाही," सूनबाई म्हणाली. "झटका आलाय. उजवा हात धड चालत नाही. यांचं म्हणणं, बाहेर कळलं तर पक्ष फुटेल. तुम्ही घरी याल का? फाटकावर पत्रकार असतात, कार्यकर्ते असतात. म्हणून आम्ही सांगू, की तुम्ही माझ्या गाण्याच्या बाई आहात."

"मला गाणं येत नाही."

"मलाही येत नाही," सूनबाई म्हणाली. "म्हणूनच शिकवणी लावलीय."

बाईंना हसू फुटलं. पण त्यांनी अटी घातल्या. रोज यायचं, एकही दिवस खाडा नाही. शिकवताना खोलीत कुणी लुडबुड करायची नाही. आणि अक्कांच्या वतीनं दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं नाही. "शेवटची अट जड जाईल," सूनबाई म्हणाली. "आमच्या घरात सगळे एकमेकांच्या वतीनंच बोलतात."

घर मोठं होतं. बाहेर सगळं झाडलेलं-पुसलेलं, आत सगळं मिटलेलं. अक्कांच्या खोलीचे पडदे ओढून घेतलेले होते, भर दुपारी दिवा चालू. भिंतीवर वडिलांचा आणि भावाचा फोटो, खाली औषधांचं टेबल, कोपऱ्यात धरून चालायची लोखंडी चौकट. दाराबाहेर खुर्चीत एक उंच, वाकलेले गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसले होते. ते अक्कांचे यजमान. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना प्रोफेसर म्हणत. सूनबाईनं वाटेतच सांगितलं होतं, की ते घराच्या मागच्या भागात राहतात आणि गेली कित्येक वर्षं नवराबायकोचे निरोप सेक्रेटरीमार्फत जातात. भांडण असं नव्हतं. अक्कांना वेळ नव्हता, आणि प्रोफेसरांनी वाट पाहणं सोडून दिलं होतं.

अक्का उशांना टेकून बसल्या होत्या. नर्स त्यांच्या कानाशी ओरडून सांगत होती, "अक्का, बाई आल्यात हं! शहाण्यासारखं बसायचं हं!"

"सिस्टर, त्यांचे कान ठीक आहेत," बाई म्हणाल्या. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अक्का, तुमचे शब्द हरवलेत. बुद्धी जागेवर आहे. मला ते माहीत आहे. आता ते बाकीच्यांना दाखवायचंय."

अक्कांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. डोळे भरून आले. ओठ हलले, जबडा ताणला गेला आणि खूप कष्टानं शब्द बाहेर पडला, "बादली."

स्वतःचा शब्द ऐकून त्यांनी संतापानं उशीवर मूठ मारली.

"असू दे बादली," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे याहून अवघड शब्द घेऊन आलेली माणसं आहेत."

त्या दिवशी बाईंनी तपासलं. अक्कांकडे तीनच गोष्टी उरल्या होत्या. एक बादली, दुसरं 'बरं का, मंडळी', जे मध्येच आपोआप निसटायचं, आणि तिसरं 'हो'. बाईंनी विचारलं, "तुमचं नाव अक्का?" "हो." "ही खोली तुमची?" "हो." "तुम्ही पुरुष आहात?" "हो," अक्का म्हणाल्या आणि लगेच डाव्या हातानं कपाळ बडवून घेतलं. म्हणजे प्रश्न कळत होता, उत्तरही माहीत होतं. पण 'नाही' म्हणायला तोंड उघडलं की बाहेर 'हो' पडायचं.

शिकवणी सुरू झाली. ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधी कधी चालीवर म्हणता येतं, म्हणून बाई अक्कांचा डावा हात धरून टेबलावर ताल द्यायच्या आणि रोजची वाक्यं सुरात म्हणायच्या. "पा-णी द्या. पड-दा उघडा." बाईंचा सूर असा, की पहिल्या दिवशी सूनबाई उशीत तोंड खुपसून हसली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं काही दिवस ते खिडकीतून ऐकलं. मग एकदा बाई निघताना न राहवून म्हणाला, "बाई, राग मानू नका. पण तुम्ही यायला लागल्यापासून आमच्या वहिनींचा आवाज पार बसलाय."

"शिकणाऱ्याचा आधी बसतोच," बाई म्हणाल्या आणि तरातरा बसथांब्याकडे निघून गेल्या.

प्रोफेसर रोज दाराबाहेर बसलेले असत. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज मात्र येत नसे. एका दिवशी अक्कांनी दाराकडे बोट दाखवून हाक मारली, "बादली!" नर्स बादली आणायला धावली. बाईंनी तिला थांबवलं. अक्का पुन्हा म्हणाल्या, "बा... बादली!" बोट तसंच दाराकडे. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रोफेसर उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"मला बोलावलंस?" त्यांनी विचारलं.

"हो," अक्का म्हणाल्या. या वेळी तो हो खरा होता.

त्या दिवसापासून प्रोफेसर आत बसायला लागले. घरी सराव घ्यायला कुणीतरी हवंच होतं. सकाळी ते अक्कांना चित्रं दाखवायचे, संध्याकाळी बाई पुढचं शिकवायच्या. एखादा शब्द आला की प्रोफेसर नवा खडक सापडल्यासारखे खुलायचे. त्यांच्याकडूनच बाईंना त्या घराण्याची खरी प्रकृती कळली. अक्कांचे वडील 'भर सभेत लढता लढता' गेले, असं पक्षाच्या इतिहासात होतं. भाऊ 'विरोधकांच्या दगाबाजीचा धक्का' बसून गेला, असं कार्यकर्ते सांगत.

"दोघांनाही रक्तदाब होता," प्रोफेसर म्हणाले. "हिलाही आहे. तिघांनी लपवला. हिच्या गोळ्या जीवनसत्त्वांच्या बाटलीत असायच्या, सेक्रेटरीला दिसू नये म्हणून. आणि प्रचाराच्या दौऱ्यात त्याही बंद केल्या. त्या गोळीनं सारखं लघवीला जावं लागतं. गाड्यांचा ताफा, चौकाचौकात माणसं. बाईमाणसानं उतरायचं कुठं?"

अक्का ऐकत होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मुलगा मात्र क्वचितच यायचा. सगळे त्याला धाकटे साहेब म्हणत. उभ्या उभ्या यायचा, आईच्या खांद्यावर थोपटून, "झकास! तब्येत सुधारतेय," असं नर्सला सांगून निघायचा. एकदा त्यानं असंच थोपटलं आणि अक्कांच्या तोंडून ठसठशीत शब्द निघाला, "गाढव!"

बाई आनंदानं उडाल्याच. "ऐकलंत? काय स्वच्छ बोलल्या!" धाकटे साहेब लाल झाले. प्रोफेसरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि ते बराच वेळ हलत राहिलं.

मग एका संध्याकाळी धाकटे साहेब बसले. बाईंनाही बसायला सांगितलं. चेहरा ओढलेला, बोटांनी सारखी मान दाबत होते. "बाई, तुमचे उपकार आहेत. आता एक करा. पुढच्या आठवड्यात पक्षातली जुनी मंडळी घरी येणार आहेत. मी आईला विचारणार, की जबाबदारी मी घेऊ का. तिनं हो म्हणायचं. तेवढं येतं तिला."

"साहेब, त्यांचा हो हा हो नसतो. कधी असतो, कधी नसतो. त्यांना काय म्हणायचंय ते आधी कळायला हवं."

"मी तिचा मुलगा आहे. मला कळतं."

"मग 'आई, तू पुरुष आहेस का' असं विचारा त्यांना. त्याही प्रश्नाला हो म्हणतील."

धाकटे साहेब उठले. "आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही पडू नका. उद्यापासून गाण्याची शिकवणी बंद."

दुसऱ्या दिवशी बाई ठरल्या वेळी फाटकापाशी हजर. पहारेकरी हात जोडून म्हणाला, "बाई, आत सोडू नका म्हणून सांगितलंय. माझ्या पोटावर पाय नका देऊ."

"तुम्ही सोडू नका. मी इथं उभी राहते."

शिकवणी संपायची तेवढा वेळ त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि गेल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. रस्त्यावरून जाणारे पाहायला लागले. एका पत्रकारानं विचारलं, "बाई, कुणाची वाट बघताय?" त्या म्हणाल्या, "शिकवणीची. मुलगी हुशार आहे, घरचे अभ्यासाला बसू देत नाहीत." पत्रकाराला वाटलं, बाई थोडी सरकलेली आहे. तो लांब जाऊन उभा राहिला.

घरी आई म्हणाली, "अगं, त्यांनी नको म्हटलंय. मोठ्या लोकांशी वाकडं घेऊन तुझी नोकरी जायची."

"त्यांनी म्हटलंय नको," बाई म्हणाल्या. "पेशंटनं नाही म्हटलेलं."

त्यानंतरच्या संध्याकाळी बंगल्याचं दार उघडलं आणि प्रोफेसर काठी टेकत फाटकापर्यंत चालत आले. इतक्या वर्षांत त्यांना पुढच्या फाटकाशी कुणी पाहिलं नव्हतं. पहारेकरी खुर्चीवरून ताडकन उठला.

"या बाई माझ्याकडे आल्यात," प्रोफेसर म्हणाले. "गाणं मी शिकतोय."

"सर, पण साहेबांनी..."

"साहेबांना सांग, बापाला म्हातारपणी छंद लागलाय."

दोघं आत निघाले. "ती जेवत नाहीये," ते म्हणाले. "दाराकडे बघत बसते."

हाताशी दिवस थोडे होते. बाईंनी ठरवलं, की तोंडाचा नाद तूर्त सोडायचा आणि हाताला शिकवायचं. डावी मूठ छातीवर, म्हणजे होय. डावा पंजा टेबलावर पालथा, म्हणजे नाही. दिवसभर, येता-जाता, प्रोफेसर आणि सूनबाई प्रश्न विचारायचे. दिवा चालू आहे? मूठ. आज तुम्ही विमानातून आलात? पंजा. तोंड वाटेल ते म्हणो, हात चुकेनासा झाला. उलटसुलट विचारलं तरी चुकेना. शेवटी प्रोफेसरांनी विचारलं, "मी नवरा म्हणून नालायक होतो का?" अक्कांचा हात मध्येच थांबला. मग पंजा टेबलावर पडला, आणि प्रोफेसर पाणी प्यायला बाहेर गेले.

सूनबाईनं एकदा बाईंना बाजूला घेतलं. "तुम्हीच विचारून टाका ना त्यांना, यांना गादी द्यायची की नाही ते."

"तो प्रश्न माझा नाही," बाई म्हणाल्या. "ज्यानं विचारायचा त्यानं विचारावा. उत्तर नीट पोचलं पाहिजे, एवढंच माझं काम."

मंडळी आली त्या दिवशी पडदे बाजूला केले होते. अक्का खुर्चीत, खांद्यावर शाल. समोर पक्षाचे म्हातारे खजिनदार आणि आणखी काही पांढऱ्या डोक्यांची माणसं. दाराशी अंगरक्षक. बाईंना कोपऱ्यात पाहून धाकट्या साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण प्रोफेसर म्हणाले, "त्या माझ्या गाण्याच्या बाई आहेत, बसू दे," आणि पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून साहेबांनी विषय सोडला.

चहा झाला. घशाची विचारपूस झाली. मग धाकट्या साहेबांनी आईजवळ वाकून विचारलं, "आई, पक्षाची जबाबदारी मी घ्यावी, असं तुला वाटतं ना?"

"हो," अक्का खणखणीत म्हणाल्या. आणि त्याच क्षणी त्यांचा डावा पंजा टेबलावर पालथा आपटला. कपबशा खुळखुळल्या.

"झालं तर मग," खजिनदार म्हणाले. "अक्का हो म्हणाल्या."

"नाही म्हणाल्या," बाई म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. बाई उठून अक्कांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "अक्कांना झटका आलाय. तोंडातून हो निघतो, तो आपोआप. खरं उत्तर हाताचं. पटत नसेल तर तपासा. अक्का, मी वीस वर्षांची आहे का?"

"हो," अक्का म्हणाल्या. पंजा टेबलावर.

"खजिनदारांना टक्कल आहे?"

"हो." मूठ छातीवर.

कुणीतरी फिसकन हसलं. खजिनदारांचा हात नकळत डोक्याकडे गेला. ते पुढे झाले आणि अक्कांसमोर वाकून म्हणाले, "अक्का, मीच विचारतो. तुमच्या मुलानं ही जबाबदारी घेऊ नये, असं तुम्हाला म्हणायचंय?"

मूठ छातीवर. आणि तिथंच घट्ट राहिली.

धाकट्या साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाईंना त्या क्षणी त्यांची दया आली. भरल्या घरात आईनं लेकाला नालायक ठरवलं होतं आणि ते सर्वांना ऐकू जावं अशी तजवीज आपण केली होती. आपण फार मोठी चूक केली की काय, असं त्यांना वाटून गेलं.

पण अक्कांचं संपलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे बोट केलं. ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "गो..." त्या म्हणाल्या. "गो... गोळी."

अंगरक्षकाचा हात कमरेकडे गेला. एक म्हातारा चटकन खिडकीपासून बाजूला सरकला. "धमकी आलीय का?" खजिनदार ओरडले. "अक्का, साहेबांवर कोण गोळी झाडणार आहे?"

"गाढव!" अक्का म्हणाल्या.

बाईंनाही काही कळेना. कळलं ते प्रोफेसरांना. "थांबा," ते म्हणाले, "बंदुकीची नाही. खायची." त्यांनी टेबलाच्या खणातून जीवनसत्त्वांची ती जुनी बाटली काढून अक्कांसमोर धरली. "ही?"

मूठ छातीवर. पुन्हा. पुन्हा. मग तेच बोट मुलाच्या मानेकडे, तिथून भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे, भावाच्या फोटोकडे, आणि शेवटी स्वतःच्या लुळ्या हाताकडे.

"यांचं डोकं रोज दुखतं," सूनबाई एकदम म्हणाली. "सकाळी उठले की मान दाबत बसतात. तपासून घ्या म्हटलं की म्हणतात, आमच्या घराण्यात कुणी आजारी पडत नाही."

अक्कांनी नर्सला हातानं खुणावलं. नर्सला शब्दांची गरज पडली नाही. तिनं रक्तदाबाचं यंत्र उचललं आणि साऱ्या पक्षासमोर धाकट्या साहेबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा तिनं मोठ्यानं सांगितला नाही. दुसऱ्यांदा मोजलं. मग म्हणाली, "साहेब, तुम्ही जरा आडवे व्हा."

आणि धाकटे साहेब, एवढा मोठा माणूस, आईच्या पलंगावर बूट न काढता आडवे झाले. मंडळी खाली मान घालून एकेक करत बाहेर पडली.

"मला वाटलं, तू मला लायक समजत नाहीस," ते छताकडे पाहत म्हणाले.

अक्कांनी खुर्ची जवळ घ्यायला लावली. डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि शिकवणीतला ताल धरला. एक थाप, दुसरी थाप. "तू... ह... हवास," त्या म्हणाल्या. "तू. हवास."

बाई, प्रोफेसर आणि नर्स खोलीबाहेर आले. सूनबाई आतच राहिली.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी धाकट्या साहेबांनी काही दिवस काढले. निवडणूक तोंडावर होती. "डॉक्टरांकडून पत्रक काढू," ते म्हणाले. अक्कांचा पंजा टेबलावर पडला. मग "मी सांगतो पत्रकारांना." पुन्हा पंजा. अक्कांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. सांगायचं तर त्या स्वतः सांगणार होत्या.

वाक्य बाईंनी बेतून दिलं: मला झटका आला होता, मी बोलायला शिकते आहे. ते रोज घोटलं. आधी सुरात, मग अर्ध्या सुरात, मग साधं. 'झटका' जमायचं तर 'शिकते' पळून जायचं. अक्का चिडायच्या, पुठ्ठे भिरकावून द्यायच्या, प्रोफेसर ते वेचून आणायचे आणि पुन्हा बसायचं. एकदा अक्का रडायलाच लागल्या. बाईंनी रडू दिलं. रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, "डोळे पुसा. आता पुन्हा 'झ' पासून."

पत्रकार दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसले होते. अक्का काठी टेकत चालत आल्या. समोर पाहिलं. "बरं का, मंडळी," त्या म्हणाल्या, आणि सवयीनं सगळे चिडीचूप झाले. "मला... झटका... आला... होता." कॅमेरे खटखटले. "मी..." आणि शब्द अडकला. ओठ हलत राहिले, आवाज फुटेना. पुढच्या रांगेतला एकजण मदत करावी म्हणून म्हणाला, "विश्रांती घेताय?" धाकटे साहेब उठायला लागले. बाईंनी भिंतीपाशी उभं राहून नुसता हात वर केला, थांबा म्हणून. सगळे थांबले. अक्कांच्या कपाळावर घाम आला. डाव्या हाताचं बोट काठीवर हलकेच आपटत होतं. "मी... बोलायला... शि... शिकते आहे."

शेवटी त्या खुर्चीत बसल्या आणि श्वास सोडला. कुणी प्रश्न विचारला नाही.

पक्षाचं म्हणाल तर भलं झालं नाही. जबाबदारी खजिनदारांकडे गेली आणि निवडणुकीत सपाटून मार खाल्ला. विरोधकांनी अक्कांच्या अडखळण्याची नक्कल केली. लोक हसलेही, नाही असं नाही. धाकटे साहेब त्या खेपेला उभे राहिले नाहीत. रोज चालायला जातात, अळणी जेवतात आणि अळणी जेवणामुळे चिडचिड करतात. पण गोळी चुकवत नाहीत. दर महिन्याला इस्पितळात येऊन लोकांदेखत दंड पुढे करतात. अक्का पुन्हा कधी सभेत बोलल्या नाहीत. घरात मात्र पुरेसं बोलतात. प्रोफेसर तक्रार करतात, की इतकी वर्षं शांततेत गेली आणि आता रोज भांडण असतं, आणि तेही मुद्दा शोधत शोधत, त्यामुळे संपता संपत नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा पाहावा.

खरी गंमत इस्पितळात झाली. अक्का पत्रकारांसमोर बोलल्या त्या दिवसानंतर बाईंच्या खोलीबाहेरचा बाक पुरेना. लोक आपापल्या घरातली गप्प झालेली माणसं घेऊन यायला लागले. कुणाची आत्या, कुणाचा भाऊ, कुणाचा सासरा. काहीजण तर वर्षानुवर्षं वेडे म्हणून मागच्या खोलीत ठेवलेले. "अक्कांना झालं तेच आमच्या काकांना झालंय का हो?" असं विचारत यायचे. बाईंनी वरच्यांकडे आणखी एक जागा मागितली. नकार आला. पुन्हा मागितली. सहाव्या-सातव्या खेपेला वैतागून मिळाली, आणि एक नवी शिकाऊ मुलगी आली.

अक्काही आठवड्यातून एकदा त्याच बाकावर येऊन बसतात. घरी शिकवणी नको, इथं येईन, असं त्यांनी स्वतः सांगितलं. शेजारी कधी निवृत्त बसवाहक असतो, ज्याला एका शिवीपलीकडे काही येत नाही. दोघांचं छान जमतं.

परवा एक बाई आपल्या दिराला घेऊन आली. गवंडी होता. दणकट माणूस, पण टेबलाशी येऊन बसला तेव्हा अंग चोरून. वहिनीच सगळं बोलत होती. तो काय खातो, कधी झोपतो, त्याला काय आवडतं. बाईंनी तिला बोट ओठांवर ठेवून गप्प केलं आणि गवंड्यासमोर कपाचं चित्र ठेवलं. त्यानं पाहिलं. तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यानं चित्र दूर सारलं.

"बाई, होईल ना हा बरा?" वहिनीनं विचारलं.

"किती होईल, ते आज कुणी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. चित्र उचलून पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या डाव्या हाताचं मनगट धरलं. "चला दादा. मी म्हणते, तुम्ही माझ्याबरोबर म्हणा."